थांबलेली होडी

"चूक पोशाचीच," असं दामाजी माइकवरून म्हणाला, तेव्हा मी सभेत पहिल्याच रांगेत बसले होते.

पोशा माझा धाकटा भाऊ. पौषातल्या धुक्यात त्याची होडी कापली गेली, त्यात तो गेला, आणि अजून शिमगाही आला नव्हता. बंदरावरच्या शेडमध्ये त्याच्या होडीची तुटलेली नाळ, म्हणजे पुढचं टोक, तशीच पडलेली होती, लाकूड अजून ओलं वाटत होतं. आणि हा दामाजी, आमच्या दांडेखारच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन, ज्याला मी पहिलीत हाताला धरून मुळाक्षरं गिरवायला लावली होती, तो गळ्यात सोन्याची साखळी घालून माझ्या भावाचा निकाल लावत होता.

"रडारची पेटी पोशाच्या होडीवर पण होती," दामाजी म्हणाला. "पेटी वाजली. समोरून बोट येते हे त्याला कळलेलं. दोरी तोडून बाजूला व्हायचं सोडून हा माणूस बसून राहिला. धडकली ती बोट हरेशची, पण त्याला काय बोलणार? हरेशच्या स्क्रीनवर काहीच नव्हतं. ज्याला दिसलं त्याने हलायला नको?"

माना हलल्या. त्या माना हलताना मी पाहिल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आणि सोसायटीचा नियम हाय," तो पुढे म्हणाला, "ज्याच्या चुकीने अपघात होईल त्याची कव सोसायटीकडे परत."

डोल जाळं समुद्रात खांबांना बांधून लावतात. त्या खांबांच्या जागेला आम्ही कव म्हणतो. पोशाची कव आमच्या आजोबांपासूनची, दीपस्तंभाच्या खडकाच्या आतल्या अंगाला. पोशाची बायको कधीच गेली. त्याच्यामागे एकुलती एक मुलगी, मंजुळा. कॉलेज करून परत आली आणि बापाबरोबर समुद्रावर जायला लागली. कोळणींनी नाकं मुरडली, पुरुष हसले, पण ती जात राहिली. त्या सकाळी तीही होडीवर होती. आता ती शेवटच्या रांगेत, खांद्याला पट्टा बांधून उभी होती. तिला बापाची कव हवी होती. दुसरं काही नको होतं.

मी उठले. "दामाजी, थांबलेल्या होडीने कुठे जायचं असतं रे?"

"बाई, तुमी बसा."

"नाही बसत. उत्तर दे. पाण्यात जाळं सोडून बांधून राहिलेली होडी. तिने वाट द्यायची, की तिच्या अंगावर येणाऱ्याने?"

"बाई, ते जुनं झालं," दामाजी म्हणाला. आवाज अगदी मऊ केला होता, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा. "तेव्हा पेटी नव्हती."

तेव्हा पेटी नव्हती. तेव्हा काय होतं ते मला विचारा.

लहानपणी मी हट्ट करून एकदा वडिलांबरोबर होडीवर गेले होते. शिडाची होडी. परत येताना वारा आमच्या बाजूचा होता, टोपल्यांत बोंबील होता, आणि बंदरावर आई व्यापाऱ्यांना धरून उभी होती. मध्येच भिक्या नाखव्याची होडी डोलीला बांधलेली दिसली. वडिलांनी शीड उतरवलं. वारा सोडला. भिक्याचं जाळं वर येईपर्यंत आम्ही पाण्यात हेलकावे खात राहिलो. पोहोचलो तेव्हा व्यापारी निघून गेले होते. आईने सगळ्या बंदरासमोर वडिलांना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. वडील एवढंच म्हणाले, "तो बांधलेला होता." आईचा आवाज तिथेच खाली आला. यापुढे बोलण्यासारखं काही नसायचं. चालणाऱ्याने थांबलेल्याला वळसा घालायचा. धुकं असेल तर थांबलेल्याने पत्र्याचा डबा वाजवत बसायचं, आणि चालणाऱ्याने कान उघडे ठेवायचे. आमच्या समुद्रावर एवढाच कायदा होता आणि तो कुणी कागदावर लिहिलेला नव्हता.

पुढे मशीन आलं. डिझेलच्या ठुकठुकीत वडिलांचे कान आणखी तयार झाले. धुक्यात डोळे मिटून बसायचे आणि सांगायचे, "ही येते. ही चालली." मी विचारायचे, कसं कळतं? ते म्हणायचे, येणारीचा आवाज चढा असतो, जाणारीचा उतरतो. मी पुढे डी.एड.ला गेल्यावर तेच पुस्तकात वाचलं. आवाज करणारी वस्तू आपल्याकडे यायला लागली की लाटा तिच्यापुढे दाटीने जमतात, दूर जायला लागली की मागे विरळ पसरतात. दाट लाटा कानाला चढ्या लागतात, विरळ उतरत्या. त्याला डॉप्लरचं नाव आहे. माझ्या वडिलांना नाव ठाऊक नव्हतं, परिणाम ठाऊक होता.

पेटी हेच करते, फक्त आवाजाऐवजी रेडिओच्या लहरींनी. ती लहरी सोडते, त्या कशावर तरी आपटून परत येतात. येणाऱ्या बोटीवरून आपटलेली लहर दाटून परत येते, जाणारीवरून सैल होऊन. आपल्या स्वतःच्या बोटीचा वेग पेटी त्यातून वजा करते आणि उरलेल्यावरून रंग ठरवते. आपल्याकडे येतं ते लाल. दूर जातं ते हिरवं. हलतच नाही ते राखाडी. पूर्वीच्या रडारवर नुसते पांढरे डाग दिसायचे, लाटासुद्धा डागच, आणि त्यातली बोट ओळखायला शिकलेला माणूस लागायचा. ते यंत्र मोठ्या जहाजांवर असे. लहान होडीला परवडत नसे आणि मावतही नसे. आता पेटी मोदकपात्राएवढी झाली आहे. होड्यांची मशीनं बॅटरीवर चालतात, त्यांना ठुकठुक उरली नाही, धुक्यात कान लावून काही ऐकू येत नाही. पेटी सुकाणूलाही जोडलेली असते. समोर लाल किंवा राखाडी ठिपका आला की बोट आपली आपण वळते.

ही पेटी लहान होड्यांसाठी बनवणाऱ्यांत माझी मुलगी आहे. शलाका. पुण्यात असते.

पेट्या पहिल्यांदा गावात आल्या तेव्हा बँड लावला होता. मीही नवी साडी नेसून गेले होते. पण आठवडाभरात बोंब सुरू झाली. आमच्या समुद्रात डोलीचे खांब, फ्लोट, दोऱ्या जिथे बघाल तिथे. प्रत्येक खांब एक राखाडी ठिपका, आणि प्रत्येक ठिपक्याला पेटी टिवटिव करायची. खलाशी पेटीवर टॉवेल गुंडाळायला लागले. कुणी वायरच काढून ठेवली. दामाजी स्वतः पुण्याला जाऊन आला. "ताई, हे कार्टं गप बसत नाय, कायतरी करा." मग शलाकाच्या लोकांनी एक बटण दिलं. त्यावर लिहिलं होतं, शांत. ते दाबलं की माणसाच्या रमतगमत चालण्यापेक्षा हळू असलेलं सगळं पेटी खांब किंवा लाट समजून पुसून टाकायची. स्क्रीन स्वच्छ. उरले फक्त लाल आणि हिरवे, म्हणजे ज्यांची भीती वाटावी ते.

मग गाव पेटीच्या प्रेमात पडलं. हरेशच्या धाकट्या भावाला, किरणला, याच पेटीने वाचवलं. धुक्यात मालवाहू जहाज अंगावर येत होतं, लाल ठिपका उठला आणि बोट वळली. किरण जेवत होता, त्याला जहाजाची भिंत दिसली तेव्हा ती बाजूने चालली होती. हरेशने त्या दिवशी पेटीला हार घातला. नारळ फोडला. हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही.

हरेश म्हणजे आमच्या चुलतभावाचा मुलगा. त्याला होडी चालवायला पोशाने शिकवलं होतं.

त्या सकाळचं मंजुळाने मला हॉस्पिटलात सांगितलं. छताकडे बघत, हुंदका न देता.

"भरतीचं पाणी थांबलं की जाळं ओढायचं, त्याची वाट बघत होतो, आत्या. जाळं खाली होतं. धुकं असं की बाबांचं तोंड मना दिसेना. पेटी वाजली, लाल आला. मी डबा वाजवायला लागले. बाबा बोलले, हरेशचीच बोट असणार, या वेळेला तोच येतो. मी बोलले, बाबा, दोरी तोडू? ते हसले. बोलले, आपण बांधलेले हावं, बाय. तो वळेल."

हरेश तेव्हा बर्फाच्या खोक्यात डोकं घालून मासळी लावत होता. बर्फ फोडायचं यंत्र चालू होतं, त्यामुळे डबाही ऐकू आला नाही. स्क्रीनवर काही नव्हतं. सुकाणू पेटीकडे होतं.

सभेत निकाल लागला नाही, पुढच्या सभेवर गेला. मी घरी येऊन शलाकाला फोन केला, ये म्हटलं. ती दुसऱ्या दिवशी आली. मी चहाही टाकला नाही.

"तुला माहीत होतं?"

"काय, आई?"

"शांत दाबलं की बांधलेली होडी दिसत नाही, हे."

ती पर्स खांद्यावरून न काढता उभी राहिली. "हो."

"हो?"

"आई, बटण दाबलं की स्क्रीनवर येतं ना, स्थिर वस्तू दिसणार नाहीत. आम्ही लपवलेलं नाही. बोटीवर शिकवायला आलेल्या मुलांनीही सांगितलं होतं."

"स्थिर वस्तू," मी म्हणाले. "तुझा मामा."

ती खाली बसली. याच मामाने तिला खाडीत पोहायला शिकवलं होतं, पाठीवर घेऊन. मला ते दिसत होतं आणि तरी मला तिची दया येत नव्हती.

"बटण दिलं नसतं तर सगळ्यांनी पेट्या काढून फेकल्या असत्या," ती म्हणाली. "मग किरण मेला असता. असे आणखी किती, ते मी तुला सांगू शकते."

"सांगू नकोस. मला आकडे ऐकवू नकोस तू."

"मग काय करायचं होतं मी? त्यांनीच मागितलं, आई! दामाजीमामांनी मागितलं. हरेशने मागितलं. सगळ्या गावाने मागितलं. मी मामाला मारलेलं नाही."

"मग कुणी मारलं? हरेश म्हणतो पेटीत दिसला नाही. पेटीवाले म्हणतात बटण तुम्ही दाबलं. दामाजी म्हणतो पोशाच हलला नाही. सगळे हात झटकून उभे. होडी कापली गेली ती आपोआप? लाकूड आपोआप फाटलं?"

ती रडायला लागली. मी स्वयंपाकघरात गेले आणि कारण नसताना एक पातेलं घासत बसले. आदळआपट करून. माझा राग यंत्रावर नव्हता. यंत्राला काय कळतं? वडिलांच्या कानालाही थांबलेली होडी ऐकू येत नव्हतीच, म्हणून तर डबा होता, म्हणून तर वळसा घालायची रीत होती. कानाला कळत नाही ते माणसाने लक्षात ठेवायचं. आमच्या लोकांनी यंत्र घेतलं ते ठीक केलं. पण त्याबरोबर रीत उलटी करून टाकली, कुणाला न विचारता. जो धावतो त्याला सगळे वाट देणार, आणि जो बांधलेला आहे तो नाहीच.

शलाका दारात येऊन उभी राहिली. "आई. पेटीला मामा दिसला होता."

मी वळले.

"लहर त्याच्या होडीवर आपटून परत आलेली असणारच. प्रत्येक फेरीला. लाकडावरून कमी येते, पण येते. पेटीने ती घेतली, वेग काढला, तो शून्य आला, आणि टाकून दिली." तिने डोळे पुसले. "दिसला नाही असं नाही. दिसला आणि पुसला."

"हे तू सभेत सांगशील?"

"कंपनी मला ठेवणार नाही मग."

"ते मी विचारलं नाही."

तिने पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली. मग म्हणाली, "सांगेन."

तिने सांगितलं. पुढच्या सभेत, उभी राहून, आवाज न चढवता. दामाजीने सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले. "ताई, शास्त्र तुमचं. आमचा सवाल साधा हाय. पोशाला कळलं होतं. हलायला वेळ होता की नव्हता? बाकी आमाला कळत नाय."

"तुम्ही मायलेकी एक," मागून कुणीतरी म्हणालं.

तेव्हा मंजुळा पुढे आली. "दामाजीकाका, बघायचंच हाय तर समुद्रावर बघू. मी बाबांच्या कवेत होडी बांधते. हरेशदादाने तशीच बोट आणावी."

दामाजीला ते आवडलं. त्याला वाटलं, मंजुळा हलेल, वेळ पुरेल, आणि विषय संपेल. ठरलं ते असं. लख्ख दिवसा, धुकं नसताना. हरेशची बोट खडकाकडून येणार, सावकाश, शांत दाबलेलं, सुकाणू पेटीकडे. पंचमंडळी त्याच बोटीवर स्क्रीन बघायला. पेटी वाजली की मंजुळाने मशीन चालू करून बाजूला व्हायचं. झाली बाजूला तर चूक पोशाची, कव सोसायटीची. आणि शलाकाचं म्हणणं असं होतं की बोट खडक ओलांडून आत आली की ती शांत बंद करील. मग थांबलेली होडी पेटीला दिसेल, बोट आपोआप वळेल, आणि सगळ्यांना कळेल की दोष बटणाचा होता. कुणालाच काही होणार नाही.

"जाळं टाकून बांधणार," मंजुळा म्हणाली.

"टाक की," दामाजी म्हणाला.

"आणि होडीवर मी बसणार," मी म्हणाले.

"बाई, तुमचं वय..."

"माझं वय तुला मुळाक्षरं शिकवताना आठवलं नाही. आता कशाला आठवतं?"

लोक हसले. त्या हसण्यावर ते ठरून गेलं.

दुपारचं ऊन होतं. पाणी भरत आलेलं, उधाणाचं. मंजुळाने एका हाताने होडी बांधली, डोल सोडली. जाळ्याचं तोंड प्रवाहाकडे उघडलं आणि दोरी तुणतुण्याच्या तारेसारखी ताणली. अशी बांधलेली होडी मी कित्येक वर्षांनी पाहत होते. ती हलत नाही. पाणी तिच्या दोन्ही अंगांनी धावत असतं आणि ती खिळल्यासारखी. हलायचं तर आधी दोरी कापायची, म्हणजे जाळं गेलं. जाळं म्हणजे वर्षभराची मेहनत. बंदरावर उभं राहून 'हलायला काय होतं' म्हणणाऱ्यांनी ती दोरी एकदा हाताने चाचपावी.

मंजुळाने कोयता दोरीजवळ ठेवला. मी पत्र्याचा डबा मांडीवर घेतला.

"आता डबा कशाला, आत्या? ऊन पडलंय. दिसतो आपण."

"रीत आहे."

खडकाआडून हरेशची बोट निघाली. पांढरी, उंच, अंगावर सौरपट्ट्या चमकत होत्या. आवाज नाही. आमची पेटी वाजली, स्क्रीनवर लाल ठिपका उठला. मी डबा वाजवायला लागले.

बोट जवळ आली तशी तिच्यावरची माणसं दिसायला लागली. दामाजीचा पांढरा शर्ट ओळखू आला. हरेश सुकाणूपाशी उभा होता. शलाकाची निळी ओढणी. आणि मग मला जे दिसलं, त्याने माझे हात क्षणभर डब्यावरच थांबले. सगळ्यांची डोकी खाली होती. एकूण एक डोकं स्क्रीनवर वाकलेलं. लख्ख ऊन, मोकळा समुद्र, समोर आमची होडी, त्यात लाल लुगड्यातली म्हातारी डबा बडवत बसलेली, आणि एकही माणूस वर बघत नव्हता.

तिकडे काय चाललं होतं ते शलाकाने मला नंतर सांगितलं. बोट खडक ओलांडून आली तेव्हा तिने ठरल्याप्रमाणे शांत बंद केलं. आणि स्क्रीन राखाडी ठिपक्यांनी भरून गेली. कवेतला प्रत्येक खांब, प्रत्येक फ्लोट. पेटी एकसारखी टिवटिवायला लागली. सुकाणू एकदा इकडे वळे, एकदा तिकडे, कारण सगळ्याच बाजूंना काहीतरी होतं, आणि शेवटी वाट न सापडून ते सरळच राहिलं. लाकडी होडीची लहर खांबाच्या लहरीसारखीच. दामाजी एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणत होता, हीच असणार. दुसरा म्हणत होता, ती नाय, ही. वाद पेटला. कंपनीत बसून तिने हे कधी पाहिलं नव्हतं. तिचं बटणही फसलं आणि बटण नसणंही फसलं.

इकडे बोट वाढत होती.

मंजुळाचा हात कोयत्याकडे गेला. मी डबा सोडून तिच्या हातावर हात ठेवला.

"हलायचं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. "आत्या, बाबा पण हेच बोलले होते."

"माहीत आहे."

"ते वर बघत नायत."

"बघतील."

"नाय बघितलं तर?"

भीती मलाही वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठा होता तो संताप. आम्ही हललो असतो तर त्या स्क्रीनवर लगेच उमटलो असतो. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला असता. बघा, सोपं आहे, म्हणाले असते. पोशा उगाच मेला, म्हणाले असते. आणि उद्यापासून दांडेखारच्या प्रत्येक बांधलेल्या होडीने धावणाऱ्यांसमोर उड्या मारायच्या, आम्ही आहोत, आम्ही आहोत, म्हणून.

मी उभी राहिले. होडी डुचमळली. मी डबा डोक्याच्या वर धरला आणि वल्ह्याच्या दांड्याने हाणायला लागले. मंजुळाने कोयता पाण्यात फेकून दिला. मी सांगितलं नव्हतं.

आणि शलाकाने, तिनेच सांगितलं मला, त्या ठिपक्यांकडे बघत विचारलं, "यातली माझी आई कुठली?"

कुणालाच सांगता येईना. तेव्हा हरेशने मान वर केली.

त्याचं तोंड उघडलेलं मला इथून दिसलं. त्याने पेटीची वायर हिसडली आणि सुकाणूवर सगळं अंग टाकलं. बोट आडवी झाली. दामाजी कोलमडला. पांढरी भिंत आमच्या नाळेपासून वल्हं पोहोचेल एवढ्यावरून सरकत गेली, तिच्या मागची लाट होडीत आली आणि आम्ही दोघी डोक्यापासून पायापर्यंत भिजलो.

बोट पुढे जाऊन वळसा घालून थांबली. कठड्याला धरून दामाजी ओरडला, "वेड लागलंय का, बाई? हलला का नाय तुमी? मेला असता!"

"तू वर का बघितलं नाहीस?" मी ओरडले. "ऊन होतं ना? डोळे होते ना? मी समोर होते ना रे, दामाजी?"

हरेश सुकाणू धरून उभा होता आणि त्याचे खांदे गदगदत होते. त्याच्याकडे बघून मला बरं वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही.

"सभा कधी?" मंजुळाने विचारलं. ओल्या केसांतून पाणी गळत होतं.

दामाजीने शर्ट झटकला. समुद्राकडे बघितलं, पोशाच्या खांबांकडे बघितलं. "सभा कशाला? झाली सभा," तो म्हणाला. "कव तुझी. आणि कवेत शिरला की सुकाणू हातात. पेटीचा बहाणा चालणार नाय, धडकला त्याची चूक. सगळ्यांनी ऐकलं ना?"

माना हलल्या. या वेळीही हलल्याच. मागच्या सभेत हलणाऱ्या माना याच होत्या, हे मी विसरणार नाही.

"चला मग," दामाजी म्हणाला. "पाणी उतरायच्या आत बंदरात जाऊ."

"कुठून जाणार?" मंजुळा म्हणाली. "जाळं खाली हाय माझं. पाणी आता थांबेल. मी ओढणार."

त्यांची परतीची वाट आमच्या जाळ्यावरून होती. दुसऱ्या अंगाला खडक.

"किती वेळ?" दामाजीने विचारलं.

"खोला वर येईपर्यंत."

खोला म्हणजे जाळ्याची शेपटी, ज्यात मासळी जमते. एका हाताने ती वर आणायला वेळ लागतो. हरेश पुढे झाला. "मंजू, मी येतो होडीत. ओढायला."

मंजुळाने त्याच्याकडे न बघता दोरीला हात घातला. "तू तिथेच थांब."

हरेशने मशीन बंद केलं. मोठी पांढरी बोट पाण्यावर हेलकावत उभी राहिली. शलाका नाळेवर येऊन एकटीच बसली होती, आमच्याकडे बघत. मी तिला हात केला नाही. पदर पिळला, मंजुळाच्या मागे गेले आणि दोरी धरली. दोरी भिजून जड झाली होती. आम्ही ओढत राहिलो, आणि ते थांबून राहिले.